कोल्हापुरातलं कोरडं वजन

मी कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनासाठी गेले नव्हते, हे तिथल्या एकाही माणसाला पटलं नाही. लॉजच्या मालकाला नाही, समोरच्या टपरीवाल्याला नाही, आणि पुढे ज्यांच्या घरी जेवले त्यांना तर नाहीच. हातात काळी जड पेटी, चेहऱ्यावर प्रवासाचा वैताग, आणि ‘दर्शन झालं का’ या प्रश्नाला ‘अजून नाही’ हे उत्तर. बाई कुठल्यातरी संकटात आहे, असाच बहुतेकांचा समज झाला असावा. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला तर राहवलंच नाही.

“पेटीत काय हाय म्हनायचं, पावणं?”

माणसाच्या अंगातलं पाणी मोजायचं यंत्र आहे, असं मी सांगितलं. त्यानं एक चौक ओलांडला. मग म्हणाला, “ते हितं कशाला आणलासा? आमच्यात पाण्याला तोटा न्हाय.”

ही दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा नागपूरच्या एका इस्पितळात आहारतज्ज्ञ होते आणि हे यंत्र आमच्याकडे नवंच आलं होतं. हाताला आणि पायाला चिकटपट्ट्या लावायच्या आणि त्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडायचा, माणसाला कळतही नाही इतका बारीक. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडखळत जातो. त्यावरून यंत्र सांगतं, की या वजनात मांस किती, चरबी किती आणि नको असलेलं पाणी किती. वजनकाटा फक्त एक आकडा सांगतो. त्या आकड्यात कोण कोण बसलंय, हे त्याला ठाऊक नसतं.

माझी वसतिगृहातली मैत्रीण सुनंदा डॉक्टर झाली आणि लग्नानंतर कोल्हापूरची झाली. तिथे ती एक लहानसं डायलिसिस केंद्र चालवते. तिचा फोन आला, “पेटी घेऊन ये. एक पेशंट आहे, जुना पैलवान. त्याच्या अंगात पाणी साठलंय अशी मला खात्री आहे, पण तो काढू देत नाही. गेले कित्येक महिने तो माणूस बसून झोपतोय, मंदा. आडवा झाला की श्वास कोंडतो. माझं ऐकत नाही, यंत्राचं ऐकेल.” आमच्या साहेबांनी खूप कुरकुर करून पेटी न्यायला परवानगी दिली. आठवड्यासाठी गेलेली मी तीन आठवडे राहिले, आणि त्यात रजा बिनपगारी झाली हे घरी अजून नीट सांगितलेलं नाही.

तालीम

पैलवानाची एक अट होती. आधी तालमीतल्या पोरांना मोजा, वस्ताद म्हणाले की पेटी खरं बोलते, तर मग मी मोजून घेईन. म्हणून दुसऱ्याच सकाळी मी शहराच्या जुन्या भागातल्या एका तालमीच्या दारात उभी होते. दारातच, कारण आत बाईमाणूस जात नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. वस्तादांनी व्हरांड्यात सतरंजी टाकून ठेवली होती, त्यावरून मीच समजले. नागपुरात असते तर यावरून चांगला वाद घातला असता. इथे मात्र वस्तादांनी इतक्या अदबीनं “या अक्का, बसा” म्हटलं, की भांडायला जागाच उरली नाही.

पहिला पैलवान येऊन सतरंजीवर उताणा झाला. मी त्याच्या मनगटावर पट्टी लावली. ती सुळकन घसरून खाली पडली. दुसरी लावली, तीही पडली. या मंडळींच्या अंगात तेल मुरलेलं, त्यावर कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती, आणि त्या मातीतही ताक, हळद आणि तेल कालवलेलं. परदेशातल्या ज्या माणसानं ही चिकटपट्टी बनवली, त्याच्या स्वप्नातही असं कातडं आलं नसेल. गरम पाणी आलं, साबण आला, घासाघासी झाली.

“एका धुण्यात कसं जाईल?” वस्ताद म्हणाले. “वर्सानुवर्साचं तेल हाय ते.”

शेवटी हातापायाचं तेवढं कातडं स्पिरिटनं पुसून काम चालू झालं. आमच्याकडे बाह्य रुग्ण विभागात येणाऱ्या बायका ‘किती उतरलं हो’ विचारतात. इथे प्रत्येकाचा एकच प्रश्न, ‘किती चढलं?’ एक धिप्पाड पैलवान, सगळ्यांत वजनदार, ऐटीत येऊन झोपला. यंत्रानं त्याच्या वजनातला मोठा वाटा चरबीच्या नावावर टाकला. मी ते जरा हळू आवाजात सांगितलं, पण कोल्हापुरात हळू आवाजात सांगितलेलं काही राहत नाही. पोरं हसून लोळली. वस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी यंत्राकडे जरा आदरानं पाहिलं, कारण नेमकं हेच ते त्या पैलवानाला महिनाभर सांगत होते.

“पेटी खरं बोलती,” ते म्हणाले. “बसगोंडा पैलवानाला निरोप देतो, मोजून घे म्हणून. पण एक ध्येनात ठेवा अक्का, पैलवानाला वजन उतरलंय असं सांगणं सोपं न्हाय. वजन उतरलं म्हंजे तो संपला, असं आमी धरतो.”

हे वाक्य मी तेव्हा नुसतंच ऐकलं. त्याचं ओझं पुढे कळलं.

दूधकट्टा

संध्याकाळी सुनंदाबरोबर दूधकट्ट्यावर गेले. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच हातात देतात. गिऱ्हाईक उभ्यानं पिऊन, मिशी पुसून पुढे जातं. आमच्या नागपुरात लोक संध्याकाळी चहा किंवा संत्र्याचा रस शोधत फिरतात. इथे म्हैस शोधतात.

आता कबूल करायला हरकत नाही, मला दुधाचा लहानपणापासून तिटकारा आहे. त्यातून कोमट, त्यातून फेसाचं. सगळ्या देशाला दूध प्या म्हणून सांगणारी मी स्वतः नाक दाबूनही पेलाभर संपवू शकत नाही. मी माझा पेला गुपचूप सुनंदाच्या हातात दिला. म्हशीवाल्यानं ते पाहिलंच.

“काय बाधलंय काय ताईस्नी?” त्यानं विचारलं, आणि मी खोटंच हो म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली. रात्री तांबड्या रश्श्यानं मी ही नामुष्की भरून काढली. सावजी खाणाऱ्या माणसाला तो तिखट लागला नाही, पण पांढऱ्या रश्श्यापुढे मात्र मी शरण गेले.

डायलिसिसचा हॉल

बसगोंडा पैलवान शिरोळकडचे. लिंगायत घर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. साठीच्या आतबाहेरचे असावेत. पैलवानी कान, चुरगळून गाठ झालेले. ते खाटेवर मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते, जणू समोरचा गडी अजून हौद्यात उतरायचाय. शेजारी त्यांची बायको गौरव्वा उभी होती.

“डॉक्टरीनबाईंनी काय बी सांगू दे,” ते मला सुरुवातीलाच म्हणाले, “आजार झाल्यापासनं माझं वजन एक किलो उतरलं न्हाय. हाय तेवढं हाय. मग माझं काय बिघडलंय सांगा.”

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. डायलिसिसमध्ये प्रत्येक माणसाचं एक ‘कोरडं वजन’ ठरवलेलं असतं, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं ते. दर खेपेला तिथपर्यंत पाणी काढतात. बसगोंडांचं कोरडं वजन आजाराच्या सुरुवातीला ठरलं होतं. सुनंदा ते खाली आणायला गेली की ते काट्यावरून उतरून भांडायला उभे राहत.

मी त्यांना आडवं व्हायला सांगितलं. या मोजमापासाठी माणूस सपाट झोपलेला लागतो. ते हलले नाहीत.

“ते सोडून काय बी सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझा मान म्हणून प्रयत्न केला. हळूहळू मागे कलले, पाठ गादीला लागली न लागली तोच डोळे मोठे झाले, छाती वरखाली व्हायला लागली, आणि गौरव्वानं मला विचारायची वाटही न पाहता त्यांना खांद्याला धरून उठवलं.  श्वास परत आल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, “एकडाव आडवं पडून झोपायचं हाय बघा. दुसरं कायबी मागणं न्हाय माझं. लोडाला टेकून टेकून पाठ कुठली, मान कुठली, कळंना झालंय.”

शेवटी खाटेचं डोकं वर घेऊन, अर्धवट बसवूनच मोजलं. त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होणार होता. पण जे दिसलं ते थोड्यानं बदलण्यासारखं नव्हतं. दंडांतलं, मांड्यांतलं मांस आजारानं खाल्लं होतं, आणि जेवढं मांस गेलं तेवढंच पाणी त्याच्या जागी येऊन बसलं होतं. चार लिटरच्या आसपास. काटा बिचारा तोच आकडा दाखवत राहिला.

मी हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हातावरची पट्टी स्वतःच उपटली.

“म्हंजे माझं वजन खोटं? तालमीतल्या पोरांचं खरं, आन् माझं तेवढं खोटं?”

त्या दिवशीही त्यांनी नेहमीइतकंच पाणी काढू दिलं. मी बाहेर जिन्याशी येऊन उभी राहिले. मला हरल्यासारखं वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. एवढी पेटी आणली ती एका माणसाला त्याच्याच अंगाबद्दल वाईट बातमी सांगायला. गौरव्वा मागोमाग आली.

“त्येंचा दंड माझ्या दोन हातांत मावत न्हवता,” ती म्हणाली. “आता एका हातात मावतोय. पाठीला तेल लावताना कळलं मला. मी कुनाला बोललो न्हाय.” तिकडच्या बायका स्वतःविषयी ‘आलो, गेलो, बोललो’ असंच म्हणतात. सुरुवातीला मला ते कानाला खटकायचं, पण गौरव्वाच्या तोंडी ते खमकं वाटलं. “तुमी घरला या की, जेवायला,” ती म्हणाली. “दवाखान्यात मानूस मानसागत ऱ्हात न्हाय.”

जोतिबा

मधल्या मोकळ्या दिवशी सुनंदानं मला जोतिबाला पिटाळलं. डोंगरावर भणाणता वारा, आणि पायाखालची फरशी, भिंती, दुकानं, कुत्री, सगळं गुलाबी. मी देवभोळी नाही. पण गुलालाच्या दुकानदारानं पुडी बांधताना सहज विचारलं, “काय मागायला आलासा?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “एका माणसाला झोप लागू दे.”

त्यानं पुडीत मूठभर गुलाल जास्तीचा घातला. “झोपंला जास्त लागतोय,” तो गंभीरपणे म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझे कान गुलाबी होते आणि डायलिसिसच्या हॉलमधले निम्मे पेशंट मला बघून ‘चांगभलं’ म्हणाले. बसगोंडा हसले नाहीत, पण जाताना म्हणाले, “आयतवारी या. गौरव्वा वाट बघती.”

शिरोळच्या वाटेवर

सोबत सुनंदा नव्हती, मी एसटीनं गेले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये ऊस लादलेल्या ट्रॅक्टरच्या दोन दोन ट्रॉल्या, आणि हवेत कारखान्याच्या मळीचा वास. पैलवानांच्या घराच्या भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर एक पुसट रेघ होती. नदीचं पाणी इथवर आलं होतं, असं गौरव्वानं ताट वाढता वाढता सांगितलं, जसं कुणी पाहुणा येऊन गेल्याचं सांगावं. ज्वारीची भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, दह्यात कालवलेली शेंगाचटणी. मी आहारतज्ज्ञ आहे हे विसरून जेवले.

जेवणानंतर माणसं यायला लागली. शेजारी आले, जुने जोडीदार पैलवान आले, पलीकडच्या कर्नाटकातल्या गावांहून पाहुणे आले. बसगोंडा आजारी पडल्यापासून हे रोजचंच होतं. प्रत्येक पाहुण्याला दूध. आणि प्रत्येक खेपेला दोन पेले, एक पाहुण्याचा आणि एक पैलवानांचा, कारण यजमानानं ओठाला लावल्याशिवाय पाहुणा पीत नाही. पैलवान दोन घोट घेत, पाहुणा पेला रिकामा करी, आणि एवढ्यात दारात पुढचा उभा. किडनीच्या रोग्याला पाणी मोजूनच प्यावं लागतं, म्हणून चहाचं आणि पाण्याचं माप त्या घरात कडक पाळलं जात होतं. पाहुण्यांबरोबरचे घोट कुणाच्या हिशेबातच नव्हते, कारण ते त्यांचं पिणं नव्हतं, पाहुण्याचा मान होता. मलाही एक पेला आला. मी हातात धरून बसले आणि थोड्या वेळानं तो तसाच कोनाड्यात ठेवला.

गर्दी पांगल्यावर मी हे बोलून दाखवलं. पैलवान चिडले नाहीत, उलट माझी कीव आल्यासारखं बोलले. “दारात आलेल्याला एकट्यानं पी म्हनू? मी आजारी पडलोय, मेलो न्हाय अजून.”

 विषय बदलावा म्हणून मी त्यांना त्यांच्या कुस्त्यांबद्दल विचारलं, आणि माणूस खुलला. मातीतल्या कुस्त्या झाल्या, मग एकदा वजनगटाच्या स्पर्धेला गेले तेव्हाची गोष्ट निघाली. गटापेक्षा वजन थोडं जास्त भरत होतं.

“मग वस्तादांनी वजन तोडाय लावलं,” ते म्हणाले. “अंगावर दोन घोंगडी घालून उनात पळवलं. पान्याचा थेंब न्हाय. जीभ टाळ्याला चिकटल्याली. पन काट्यावर गेलो आन् बसलो की गटात. फायनल मारली.”

“एवढं वजन उतरवून? ताकद गेली नाही?”

“ताकद कशी जाईल?” ते हसले. “पानीच गेलतं की ते.”

आणि ते थांबले.  खरं तर मी मुद्दाम विचारलंच नव्हतं. मलाही ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच उमगलं. त्यांनी डावा हात पुढे केला, उजव्या हातानं स्वतःचा दंड चाचपला, अगदी सावकाश, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. दारातून गौरव्वा बघत होती.

“म्हंजे वजन तोडायचंय,” ते म्हणाले.

“हो. पण घोंगडी नाहीत, पळणं नाही. डॉक्टरांच्या हाताखाली, प्रत्येक खेपेला थोडं थोडं.”

“गट कुठला?”

मी सुनंदानं आणि मी मिळून काढलेला आकडा सांगितला. त्यांनी तो आकडा पुटपुटून पाहिला. “लई खालचा हाय,” ते म्हणाले. “पोरांचा गट हाय ह्यो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला इतकं वाईट वाटलं, की आकडा मागे घ्यावासा वाटला. ते गेलेलं मांस मी काही परत आणू शकणार नव्हते. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “असूंद्या. उतरायचं तर उतरू की.”

दारात आणखी एक पाहुणा आला. गौरव्वा दोन पेले घेऊन आली. पैलवानांनी सवयीनं हात पुढे केला, पण तिनं त्यांना पेला धरू दिला आणि हात तिथेच अडवला. कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. मग माझ्यासाठी मराठीत, “देवाचं तीर्थ पोटात गेलं न्हाय, नुसतं कपाळाला लावलं, तरी पावतंय. हे बी तसंच करायचं.” पैलवानांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेला उचलून भस्माच्या पट्ट्यांना टेकवला आणि पाहुण्याच्या हातात दिला. पाहुणा क्षणभर गोंधळला, आणि दोन्ही पेले प्याला.

निघताना

पुढचे दिवस सोपे नव्हते. एका खेपेला पायांत असे गोळे आले, की पैलवानांनी मला, सुनंदाला आणि पेटी बनवणाऱ्यालाही शिव्या घातल्या. पाणी जरा जास्तच निघालं होतं, म्हणून सुनंदानं थोडं सलाईन परत दिलं आणि पुढच्या खेपेला घाई केली नाही. मी गौरव्वाला जे द्यायचं ते घट्ट द्यायला शिकवलं, मुगाची धिरडी, मोजकं पनीर, कोरडी उसळ. पातळ काही नाही. काट्यावरचा आकडा खाली जाताना पैलवान दर वेळी डोळे मिटून घेत. दम किती लागतो, हे मात्र ते कुणालाच सांगत नव्हते, आणि आम्हीही विचारायला धजत नव्हतो.

परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला शिरोळला गेले. गौरव्वा उंबऱ्यातच उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आत, खाली जमिनीवर, घोंगड्यावर बसगोंडा पैलवान उताणे झोपले होते. लोड नाही, उशी नाही. हात दोन्ही बाजूंना टाकलेले, तोंड उघडं, आणि घोरणं असं की दारातली कोंबडी बिचकावी. ते इतके लहान असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. पाणी गेलं तसे ते खरोखरच लहान दिसायला लागले होते. पण छाती एका लयीत, सावकाश, वर आणि खाली होत होती.

“जेवल्यापासनं झोपल्यात,” गौरव्वा कुजबुजली. त्या घरात कुजबुज मी पहिल्यांदाच ऐकली. “दोन मानसं येऊन गेली. मी उठवलो न्हाय.”

आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. थोड्या वेळानं ती उठली आणि सवयीनं दोन पेले घेऊन आली. झोपलेल्या नवऱ्याकडे बघून क्षणभर थबकली. मग त्यांचा पेला स्वतःच्या कपाळाला लावून खाली ठेवला, आणि माझा माझ्या हातात दिला.

फेस होता, साय होती, म्हशीचा वास होता. मी सगळं दूध प्याले. आणि रिकामा पेला मांडीवरच धरून बसले, कारण फरशीवर ठेवला असता तर आवाज झाला असता.